फुल मॅरेथॉनच्या तयारीत मधेच पळायची इच्छाच गेलीये, काय करू?

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आहे, माझी पहिलीच फुल. आधी हाफ (२१ किमी) पळलोय, शेवटची २ तास ५ मिनिटांत झाली आणि त्याच जोशात फुलला नाव टाकून मोकळा झालो. ऑक्टोबर हीटमध्ये पण प्लॅन नीट चाललेला, नवरात्रात उपास सांभाळून पळलो, पण दिवाळीनंतर काय झालंय कळत नाही. साडेचारला अलार्म वाजतो, उठतो, कपडे घालतो, बूटसुद्धा घालतो आणि मग सोफ्यावर मोबाईल घेऊन बसतो ते उजाडेपर्यंत तिथेच. बाहेर पडलोच तर ९० फीट रोडला जरा पुढे जायचं आणि परत. मागच्या रविवारी २६ किलोमीटरचा लाँग रन होता, १७ वर सोडला आणि रिक्षा करून घरी आलो. रिक्षावाला विचारतो, "काय साहेब, लागलं का कुठे?" आता त्याला काय सांगणार.

लागलं कुठेच नाहीये हो, तोच तर प्रॉब्लेम आहे. गुडघे ठीक, टाचा ठीक, फक्त नकोसं वाटतं. ग्रुपवर सगळ्यांचे ३० किलोमीटरचे फोटो येतायत, स्ट्रावा (रन नोंदवायचं ॲप) उघडायचं बंद केलंय. बायको म्हणते नको वाटतंय तर नको पळूस, कोणी सक्ती केलीये. ते पण बरोबर, पण फी भरलीये आणि ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून झाले, रात्री बघताना अंगावर काटा येतो, सकाळी साडेचारला काही येत नाही.

कोणाला असं झालंय का? ज्ञान नको, तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा.

बेरड_गडी

मोटिव्हेशन बिटिव्हेशन काही नसतं भाऊ. उठायचं आणि पळायचं. ललिता बाबर माणदेशातल्या मोही गावची, कसल्या सोयी होत्या तिकडे? २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला पळाली. आणि आपण महागातले बूट घालून सोफ्यावर बसतो. राग मानू नका, पण तुम्हीच म्हणालात नेमकं सांगा.

यवतेश्वरचा_चढ

बेरडभाऊ, ललिताचं नाव घेतलंत तर आम्हा सातारकरांची मान ताठच होणार, पण तुलना चुकतीये. तिचं कामच पळणं होतं. पळायचं, खायचं, झोपायचं, परत पळायचं. ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकलेला किपचोगेसुद्धा दोन रनच्या मधे पडी टाकतो. ठाकुर्लीकर पळून आल्यावर आंघोळ करून लोकलला लटकत असतील. तेव्हा "उठा आणि पळा" याने दोन दिवस काम होईल, तिसऱ्या दिवशी परत सोफा.

ठाकुर्लीकर, मला आधी चार गोष्टी सांगा, मग बोलू. रोजचा साधा रन कुठल्या पेसला करता, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं? रात्री झोपता किती वाजता? पळण्याआधी आणि पळताना काय खाता? आणि या प्लॅनमध्ये कमी अंतराचा हलका आठवडा एकदा तरी आला का, की दर आठवड्याला चढतच गेलात? कारण मन गेलंय असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा शरीरानेच हात वर केलेले असतात. दुखत नाही म्हणून आपण मनाला शिव्या घालत बसतो.

ठाकुर्लीकर

@बेरड_गडी राग नाही हो, सोफ्याचं मान्य आहे 😄

@यवतेश्वरचा_चढ पेस साधारण ६:१० ते ६:१५ असतो, कधी बरं वाटलं तर ६ च्या खाली पण जातो. झोपायला साडेअकरा-बारा होतात, यूएसवाल्यांचा कॉल असतो रात्रीचा. सकाळी कोरी कॉफी घेऊन निघतो, लाँग रनला पाणी आणि इलेक्ट्रॉल, बास. पोटात काही असलं की जड वाटतं. हलका आठवडा प्लॅनमध्ये होता पण तेव्हा मस्त वाटत होतं म्हणून मी तो स्किप करून पुढचाच धरला. आणि हो, आता घड्याळ पण रोज सांगतं की तुमच्या ट्रेनिंगचा उपयोग होत नाहीये. हे वाचून अजूनच डोकं फिरतं.

यवतेश्वरचा_चढ

घ्या, सगळं तुम्हीच सांगून टाकलंत.

हिशोब बघा. हाफ २:०५ म्हणजे ५:५५ चा पेस. त्यावरून फुल, तेही पहिली, सगळं जुळून आलं तर साडेचार तासांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला ६:२० ते ६:२५. आणि तुम्ही रोजचा साधा रन ६:१० ला करताय! म्हणजे ज्या वेगाने रेसमध्ये जायचंय त्याच्यापेक्षा जास्त वेगाने तुम्ही मंगळवार, गुरुवार, शनिवार, सगळे वार पळताय आणि वर रविवारी २६. यात इझी कुठलाच नाही. रोज थोडी थोडी परीक्षा द्यायची आणि वर्षभर अभ्यासाची हौस टिकेल म्हणायचं, कसं जमेल?

तुमचा इझी पेस ७ ते ७:३० असायला हवा. खरं तर आकडा सोडा, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप न लागता. एकटे असाल तर मोठ्याने बोलून बघा, मारुतीस्तोत्र म्हणा, तसंही पहाटे कुत्र्यांशिवाय ऐकायला कोणी नसतं. केनियातली मंडळी मॅरेथॉन किलोमीटरला ३ मिनिटांच्या आत काढतात आणि सकाळचा सोपा रन सुरू करतात तेव्हा इतके रमतगमत असतात की आपणही चार पावलं बरोबर जाऊ शकू. आपल्याकडे उलट, साध्या रनला जीव तोडायचा कारण स्ट्रावावर पेस दिसतो.

त्यात तुमच्याकडची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, मग अंग थंड होत नाही आणि त्याच पेसला हृदय जास्त ठोके मारतं. घड्याळाला हे धड कळत नाही, त्याला वाटतं हा माणूस ढिला पडला. आमच्या साताऱ्याच्या हिल हाफला पोलीस परेड ग्राउंडवरून निघून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने परत, म्हणजे जाताना जवळजवळ सगळा चढ. तिथे सरावाला पेस बघत बसलात तर घाटाच्या पहिल्या वळणालाच तोंड वाकडं होतं. म्हणून इथले जुने लोक श्वासावर पळतात. तुम्ही निदान तीन आठवडे घड्याळाचा तो पेसचा स्क्रीनच काढून टाका, फक्त वेळ ठेवा.

फिजिओताई_पुणे

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. खाण्याबद्दल थोडं लिहिते, कारण माझ्याकडे पाय दाखवायला येणारे निम्मे रनर खरं तर उपाशी असतात.

कोऱ्या कॉफीवर ५-६ किलोमीटर ठीक आहे. पण २६ किलोमीटर म्हणजे तुमच्या वेगाने पावणेतीन तास, त्यात नुसतं पाणी आणि इलेक्ट्रॉल?? इलेक्ट्रॉलमध्ये मीठ मिळतं, पण साखर अगदीच थोडी, त्यावर तीन तास निघत नाहीत. स्नायूंमधला साठा दीड-दोन तासांत संपत येतो, मग मेंदू पहिला ब्रेक मारतो आणि आपल्याला ते "नको वाटतंय" असंच जाणवतं. १७ वर तुमचं मन तुटलं म्हणता, १७ म्हणजे साधारण पावणेदोन तास. वेळ बघा की नेमकी कुठली आहे!

दीड तासाच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. मध्यम केळ्यात २५ च्या आसपास, एका एनर्जी जेलच्या पाकिटात साधारण २० ते २५. जेल महाग वाटत असेल तर खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गुळाचा खडा, काहीही चालेल, फक्त भूक लागायच्या आधी, पहिल्या ४०-४५ मिनिटांपासून थोडं थोडं. पोट जड होतं कारण पोटाला सवय नाही, तीही लाँग रनलाच लावायची असते. निघायच्या आधी अर्धं केळं किंवा मध लावून ब्रेडचा एक स्लाइस. आणि घरी आल्यावर तासाभरात नीट जेवा, चहा-बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे.

दुसरं, सकाळी उठल्या उठल्या पलंगावरच नाडी मोजा, रोज. नेहमीपेक्षा ५-१० ठोके जास्त आणि तेही आठवडाभर, वर झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड, सारखी सर्दी, असं असेल तर विश्रांती हाच तुमचा वर्कआउट. तसंच एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी, थायरॉइड. हिमोग्लोबिन नॉर्मल आणि फेरिटिन तळाला, असे लोक खूप दिसतात, विशेषतः शाकाहारी आणि बायका. पण रिपोर्ट बघून लोहाच्या गोळ्या स्वतःच सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा. बायकांनी तर पाळी लांबली किंवा बंद झाली की "बरं झालं, ट्रेनिंगमुळे असेल" म्हणून सोडूच नये, शरीराला खाणं पुरत नाहीये याची ती खूण असू शकते.

आणि एक शेवटचं, पळणंच नाही तर कशातच मन लागत नसेल, जेवण, मित्र, मुलं, काहीच, तर तो रनिंगचा विषय नाही, तेही डॉक्टरांशी बोला. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, तरी सांगून ठेवते.

बेरड_गडी

ताई एक शंका, मग आमचे आजे-पणजे भाकरी-ठेचा खाऊन वीस-वीस मैल चालायचे त्यांना कुठे जेल होतं?

फिजिओताई_पुणे

@बेरड_गडी भाकरी म्हणजे कार्बच की हो! आणि ती खाऊन निघायचे, कोरी कॉफी पिऊन नाही 😂

बेरड_गडी

बरं बरं. पॉइंट आहे.

गोदाकाठची_रनर

मला वेगळ्या कारणाने झालं होतं, म्हणून लिहिते. झोप नीट, खाणं नीट, पेस पण हळूच, तरी मार्चपासून जे गेलं ते गेलं. नंतर लक्षात आलं की मला रस्त्याचा वीट आलाय. पहाटे एकटीने पळायचं म्हणजे जिथे दिवे आहेत आणि दूधवाले-पेपरवाले उठलेत तेवढाच पट्टा, गंगापूर रोडचा तोच तुकडा, तोच यू-टर्न, तेच मेडिकलचं शटर. २० किलोमीटर करायचे म्हणजे त्या शटरसमोरून किती वेळा जायचं हे मोजायला लागले आणि तिथेच संपलं सगळं. पुरुष लोक म्हणतात नवीन रूट शोधा, पण आम्हाला रूट म्हणजे आधी दिवे आणि माणसं लागतात हो.

मी दोन गोष्टी केल्या. मधल्या वारचे रन संध्याकाळी ऑफिसनंतर नेले, पेस गेला खड्ड्यात, गर्दीतून पळायचं, पण जीव रमतो. आणि सोसायटीतल्या एका मैत्रिणीला सायकल घेऊन लाँग रनला सोबत चल म्हटलं. ती पळत नाही, बाजूने सायकल मारते, पाणी-चिक्की तिच्या बास्केटमध्ये, आणि अखंड बडबड. तिच्यामुळे सोमेश्वरच्या पुढेपर्यंत जाता आलं. कधीकधी रविवारी रन रद्द करून पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, प्लॅनमध्ये नसलं तरी. प्लॅन बनवणाऱ्याला नाशिक कुठे माहितीये.

आणि दादा, एक विचारू का, तुमच्या घरचं काय? वहिनी म्हणाल्या नको पळूस, ते प्रेमाने की वैतागून? कारण आमच्याकडे रविवारी मी सकाळी तीन तास गायब आणि दुपारी मेल्यासारखी झोपलेली, हे महिनाभर झाल्यावर नवरा काही बोलला नाही पण घरात ते जाणवायला लागलं आणि मग बूट घालतानाच अपराधी वाटायचं. ते पण "इच्छा नाही" याच नावाने खपतं.

ठाकुर्लीकर

ताई, बरोबर नस पकडलीत. वैतागूनच म्हणाली असणार. दिवाळीत भाऊबीजेला सगळे आमच्याकडे होते आणि मी सकाळी २२ करून आलो आणि जेवणं व्हायच्या आधी आत जाऊन झोपलो. बहिणी आल्या-गेल्या, मला पत्ताच नाही. त्यावर घरात काही भांडण झालं नाही, पण तेव्हापासूनच हे सोफ्याचं सुरू झालंय असं आता लिहिताना वाटतंय.

येऊरचे_काका

उशिरा वाचतोय. वय ६३, ठाण्यात असतो, मॅरेथॉन पळतो म्हणण्यापेक्षा पुरी करतो म्हणा.

सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, मी फक्त तो सोफा घेतो. बूट घरात घालायचेच नाहीत. बूट जिन्यात, मोजे बुटात, मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि अलार्मला साधं गजराचं घड्याळ, आमच्या काळचं, अख्खी चाळ उठवणारं. सकाळी उठून दार ओढून बाहेर, मग जिन्यात बसून बूट. डास चावतात, कोणी जास्त वेळ बसत नाही 😀 आणि स्वतःशी बोली करायची ती फक्त दहा मिनिटांची. दहा मिनिटं हळू पळायचं, त्यानंतर परत फिरावंसं वाटलं तर खुशाल फिरायचं, त्या दिवशी चुकचुकायचं नाही. मी असा बऱ्याचदा खरंच परत आलोय, इडली घेऊन. आल्यावर दिवस वाईट जात नाही, रन न केल्याचा तो बोचरा विचार मागे लागत नाही.

लाँग रनला चालायला लाजू नका. नऊ मिनिटं पळा, एक मिनिट चाला, सुरुवातीपासूनच, दमल्यावर नाही. २८-३० किलोमीटरचा डोंगर डोक्यातून उतरतो, कारण पुढचं चालणं नेहमी नऊच मिनिटांवर असतं. रेसलाही हेच करा. येताना पेडर रोडचा चढ ३५-३६ किलोमीटरच्या आसपास लागतो, तिथे भले भले चालत असतात, तुम्ही ठरवून चालाल एवढाच फरक. आणि तिथे लोक घरून संत्री, बिस्किटं, मीठ-साखर घेऊन उभे असतात, ओळख ना पाळख, छातीवरच्या नंबराच्या बिबवर नाव वाचून ओरडतात. ते घेत घेत जा.

ऑफिसात सांगून बसलोय हे मात्र डोक्यातून काढा. पन्नास जणांना सांगितलं असेल, त्यातल्या अठ्ठेचाळीस जणांना मॅरेथॉन किती किलोमीटरची असते ते माहीत नाही. माझ्या शेजाऱ्याला अजून वाटतं मी दर रविवारी मॅरेथॉन पळतो.

ठाकुर्लीकर

काका 😂 गजराचं घड्याळ आजच शोधतो, आईकडे असेल.

थँक्यू सगळ्यांना, खरंच. आता शेवटचा प्रश्न, तो २६ चा राहिलेला लाँग रन आहे आणि मधले पण बरेच बुडालेत, ते भरून काढायला आता थेट ३० मारू का? की या वर्षी सोडूनच देऊ?

यवतेश्वरचा_चढ

भरून काढायचं अजिबात नाही! बुडालेला रन बुडाला. तो उसना आणून पुढच्या आठवड्यात कोंबला की मग खरी दुखापत होते, आणि ती डिसेंबरमध्ये झाली की जानेवारी गेला.

रेसला अजून आठेक रविवार आहेत, तेवढे पुरतात. हा आठवडा अर्धा करा, रविवारी १४, गप्पा मारत. मग २४, त्यानंतर २८, पुढचा रविवार परत खाली १८ वर, तो हलका आठवडा यावेळी चोरायचा नाही. मग डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ३० ते ३२, काकांच्या नऊ-एकच्या पद्धतीने आणि ताईंच्या चिक्कीसकट. तिथून उतरणीला, १८-२०, नंतर १०-१२, आणि मग रेस. शेवटचे तीन आठवडे टेपर, म्हणजे अंतर कमी करत न्यायचं, त्यात काही वाढवायचं नाही, कितीही खाज सुटली तरी. मधल्या वारांना आठवड्यात तीन रन बास झाले, त्यातला एकच जरा जोरात, तोही अंगात असेल तर. कॉलच्या रात्रीनंतरची सकाळ मोकळी सोडा, त्या दिवशी झोपा, संध्याकाळी जमलं तर पळा.

२८ चा रन संपल्यावरसुद्धा मनापासून नको वाटलं, खाऊन-झोपून, तर या वर्षी सोडा, पुढच्या वर्षी रस्ता तिथेच असणारे. पण आज ठरवू नका, झोप न झालेल्या माणसाने कसलेच निर्णय घेऊ नयेत.

गोदाकाठची_रनर

आणि तो ३० चा रन शक्य झालं तर एखाद्या वारी सुट्टी टाकून करा, रविवार घरी द्या. वहिनींना विचारून तारीख ठरवा, म्हणजे त्यांना पण कळेल कधी संपणार हे प्रकरण.

येऊरचे_काका

येत्या रविवारी तुमचे १४ आहेत ना, ठाण्याला या. पाच वाजता उपवन तलावाच्या गेटपाशी, आम्ही सात-आठ म्हातारे असतो, पेस ८ च्या वर, तुम्हाला जबरदस्तीने इझी करावं लागेल. नंतर मिसळ, पैसे नवीन माणसाने द्यायचे अशी पद्धत आहे.

ठाकुर्लीकर

येतो काका. पहिली लोकल पकडतो. मिसळ किती जणांची धरायची तेवढं सांगा.

बेरड_गडी

मी पण येऊ का? कळव्यालाच राहतो. उठणार का ते मात्र बघावं लागेल 🙈